जुन्या इंजिनाचा बेल्ट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या मोटारी, ट्रॅक्टर आणि एका जागी बसवलेल्या इंजिनांवरच्या व्ही-बेल्टबद्दल आहे. त्यात पंखा, वॉटर पंप, डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट येतो, तसेच इंजिनावरून पंपाला किंवा गिरणीला शक्ती देणारे जाड बेल्टही येतात. चपट्या पट्ट्यासाठी शेवटी वेगळा प्रश्न आहे. उत्तरं सुटी वाचता यावीत अशी लिहिली आहेत. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट एकच का?

नाही. टायमिंग बेल्ट दातांचा असतो, झाकणाआड असतो आणि क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. त्याचा एक दात जरी सरकला तरी इंजिनाचं टायमिंग बिघडतं. काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. या पानावरची ‘बोल्ट ढिला करा, बेल्ट काढा’ ही पद्धत टायमिंग बेल्टला चुकूनही लावू नका. फॅन बेल्ट बाहेरून दिसतो, त्याचा काप (आडवा छेद) उलट्या समलंब चौकोनासारखा असतो, आणि तो कुठल्याही स्थितीत काढून पुन्हा चढवला तरी इंजिनाच्या टायमिंगला धक्का लागत नाही. बऱ्याच जुन्या इंजिनांत टायमिंगचं काम गिअर किंवा साखळी करते, तिथे हा गोंधळ उद्भवत नाही.

२. बेल्ट बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

इंजिन बंद आणि थंड असताना बेल्ट बोटांनी पिळून त्याची आतली आणि बाजूची अंगं बघा. आतल्या अंगाला आडव्या भेगा, कडेला सुटलेले धागे, कापडाचं वेष्टण फाटलेलं, बाजू काचेसारख्या चकचकीत किंवा तेलाने फुगून मऊ झालेलं रबर, यातलं काहीही दिसलं तर बेल्ट बदला. एखादी बारीक भेग असेल तर लगेच घाबरू नका, पण काही सेंटीमीटरच्या पट्ट्यात तीन-चार भेगा असतील तर त्याचे दिवस भरले.

नवा बेल्ट आणण्याआधी जुना का गेला याचा छडा लावा, कारण बेल्ट बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीने मरतो. बाजू चकचकीत असतील तर तो ढिला चालून घसरत होता. एकच कड झिजली असेल तर पुल्या ओळीत नाहीत (प्रश्न ११). तळ घासून चकाकत असेल तर पुलीची खाच संपली आहे (प्रश्न १३). रबर मऊ आणि फुगीर असेल तर वरून कुठून तरी तेल गळतंय. ते थांबवल्याशिवाय नवा बेल्ट घालणं म्हणजे दुसरा बेल्ट फुकट घालवणं.

३. बेल्टवर ‘बी ५२’, ‘१० × १०००’, ‘४एल ५००’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ काय?

या तीन वेगळ्या पद्धती आहेत, आणि दुकानात होणारी निम्मी गफलत इथेच होते.

‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही कापाची नावं आहेत. वरची रुंदी आणि उंची अशी: ए म्हणजे १३ × ८ मिमी, बी म्हणजे १७ × ११ मिमी, सी म्हणजे २२ × १४ मिमी. त्यापुढचा आकडा आतल्या परिघाचा, तोही इंचांत. म्हणजे बी ५२ ची आतली लांबी ५२ इंच, सुमारे १३२१ मिमी.

‘१० × १०००’ ही मोटारीच्या बेल्टची पद्धत. पहिला आकडा वरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाहेरची लांबी मिलिमीटरमध्ये.

‘४एल ५००’ हा हलक्या कामाचा बेल्ट: रुंदी अर्धा इंच, बाहेरची लांबी ५०.० इंच. तो ए ४८ च्या मापाचा असतो, कारण ए कापाची बाहेरची लांबी आतल्या लांबीपेक्षा सुमारे ५० मिमीने, म्हणजे दोन इंचांनी जास्त भरते. बी कापात हा फरक सुमारे ६९ मिमी, सी मध्ये ८८ मिमी. हिशेब सोपा आहे: बेल्टची उंची × ६.२८. आतली लांबी सांगताय की बाहेरची, हे बोलून टाका. नाहीतर दोन-तीन इंचांनी चुकलेला बेल्ट हाती येतो.

४. नंबर पुसला गेलाय. जुना बेल्ट मोजून नवा आणता येईल का?

येईल. शिवणकामाची कापडी टेप बेल्टच्या बाहेरून घट्ट गुंडाळून बाहेरची लांबी घ्या. रुंदी कॅलिपरने वरच्या अंगावर मोजा. बेल्ट झिजला असेल तर रुंदी एखाद मिलिमीटर कमी भरते, म्हणून १२ मिमी दिसली तर तो बहुधा १३ मिमीचा आहे असं धरा. उंचीही मोजा, कारण सारख्या रुंदीचे उथळ आणि खोल असे दोन्ही प्रकार मिळतात.

जुन्या बेल्टच्या मापावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. आधीच्या मालकाने मिळेल तो बेल्ट चढवलेला असण्याची शक्यता जुन्या यंत्रांत बरीच असते. डायनॅमो ताणपट्टीच्या (ज्या वाकड्या पट्टीच्या लांबट खाचेत तो सरकतो ती) अगदी बाहेरच्या टोकाला टेकलेला असेल तर बेल्ट लांब आहे, एक नंबर लहान घ्या. इंजिनाच्या बॉडीला चिकटला असेल तर आखूड आहे.

५. बेल्टच हरवला आहे. लांबी कशी काढायची?

सगळ्यात भरवशाचा मार्ग दोरीचा. डायनॅमो ताणपट्टीच्या आतल्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर ठेवून बोल्ट हलका आवळा. न ताणणारी दोरी किंवा बारीक तार सगळ्या पुल्यांच्या बाहेरच्या काठांवरून फिरवा, खाचेच्या तळातून नाही. बेल्टचं वरचं अंग काठाच्या बरोबरीत बसतं, म्हणून ही लांबी जवळपास बेल्टची बाहेरची लांबी असते.

दोनच पुल्या असतील तर गणितही चालतं (मध्यांतर म्हणजे दोन पुल्यांच्या केंद्रांमधलं अंतर):

लांबी = २ × मध्यांतर + १.५७ × (मोठा व्यास + लहान व्यास) + (मोठा − लहान)² ÷ (४ × मध्यांतर)

उदाहरण घ्या. मध्यांतर ४५० मिमी, पुल्या २५० आणि १२५ मिमी. ९०० + ५८९ + ९, म्हणजे १४९८ मिमी. व्यास पिचचे धरले असतील, म्हणजे बेल्टच्या आतल्या ताणधाग्यांच्या पातळीवरचे, तर आलेली लांबीही पिचचीच असते. बी कापात आतली लांबी त्याहून सुमारे ४३ मिमी कमी: १४५५ मिमी, म्हणजे ५७.३ इंच. बी ५७ मागा. व्यास पुलीच्या बाहेरच्या काठावर मोजले असतील तर आलेली लांबी बाहेरची समजा आणि प्रश्न ३ मधला फरक वजा करा.

६. काय काय हत्यारं लागतात? बॅटरी सोडवायलाच हवी का?

दोन पाने, एक रिंग पाना, एक लाकडी दांडा किंवा मजबूत फळीचा तुकडा, तारेचा ब्रश, फडकं, सरळ लोखंडी पट्टी, मोजपट्टी आणि गंज सोडवणारं तेल. जुन्या इंजिनाचे नट मिलिमीटरचेच असतील असं नाही, इंचाचेही असू शकतात. १३ चा पाना ‘जवळपास’ बसतो म्हणून अर्ध्या इंचाच्या नटावर लावलात तर त्याचे कोपरे गोल होतील.

बॅटरी सोडवाच. डायनॅमो-अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेला पाना टेकला आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर ठिणगी पडते आणि पाना क्षणात तापतो. आधी बॉडीला जोडलेली बाजू काढायची. ती बहुतेकदा ऋण असते, पण काही जुन्या गाड्यांत धन बाजू बॉडीला असते. रंगावर जाऊ नका, तार कुठे जाते ते बघा. विजेवर चालणारा पंखा नंतर बसवलेला असेल तर बॅटरी सोडवण्याला दुसरं कारणही आहे: गरम इंजिनात तो चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

७. बदलण्याची पद्धत क्रमाने सांगा.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी अर्धं भांडण मिटलेलं असतं.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरी सोडवा. हँडलने सुरू होणारं डिझेल इंजिन असेल तर डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून ठेवा आणि इंधन बंद करा.

२. बेल्ट कुठून कुठे जातो याचं चित्र काढा किंवा फोटो घ्या. दोन बेल्ट असतील तर पुढचा आधी काढावा लागतो.

३. ताणपट्टीवरचा बोल्ट ढिला करा. मग डायनॅमोच्या खालचे टेकूचे बोल्ट, आणि ताणपट्टीचं इंजिनाकडचं टोकही. लोक फक्त वरचा बोल्ट सोडवतात आणि मग डायनॅमो हलत नाही म्हणून पहारीने ढकलतात. त्याचे कान ओतीव धातूचे असतात, ते तुटतात. बोल्ट काढायचे नाहीत, अर्धा-पाऊण फेरा ढिले पुरे.

४. डायनॅमो इंजिनाकडे ढकला. बेल्ट आधी सगळ्यात लहान पुलीवरून, मग बाकीच्यांवरून काढा आणि पंख्याच्या पात्यांवरून एकेक करून बाहेर घ्या. पात्यांच्या कडा धारदार असतात.

५. बेल्ट निघाल्यावर लगेच नवा चढवू नका. वॉटर पंप, डायनॅमो आणि टेकूची पुली (बेल्टला नुसता टेकू किंवा ताण देणारी मोकळी पुली, असेल तर) एकेक करून हाताने फिरवा. खरखर लागली, किंवा पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवल्यावर शाफ्ट डगमगला, तर ते बेअरिंग आताच बदलायचं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपल्याचा डाग दिसत असेल तर पंपाचं सील गेलं आहे. बेल्ट जागेवर असताना हे दोष झाकले जातात, म्हणून ही पाच मिनिटं वाया जात नाहीत.

६. खाचा तारेच्या ब्रशने साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा. तेल लागलं असेल तर पेट्रोलने नव्हे, थोड्या साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा.

७. नवा आणि जुना बेल्ट शेजारी धरून लांबी व रुंदी ताडून बघा. मग क्रँक आणि पंपाच्या पुलीवर बसवून शेवटी डायनॅमोच्या पुलीवर चढवा. तो हाताने चढला पाहिजे.

८. लाकडी दांडा डायनॅमोच्या पुलीकडच्या टोकाशी टेकवून बाहेर ढकला, मागच्या झाकणाला टेकवू नका. ताण धरून ठेवत आधी ताणपट्टीचा बोल्ट आवळा, मग खालचे. ताण मोजा (प्रश्न ९), ओळ तपासा (प्रश्न ११).

९. सगळी हत्यारं उचलली याची खात्री करून इंजिन १५ मिनिटं चालवा. बंद करून पुन्हा ताण बघा.

८. बेल्ट थोडा आखूड आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून, पुली फिरवत चढवला तर काय बिघडतं?

बाहेरून काहीच दिसत नाही, हीच अडचण. बेल्टचा सगळा भार आतले ताणधागे वाहतात. कडेवरून ओरबाडत चढवलं की एका बाजूचे धागे तुटतात. मग ती बाजू जास्त ताणते, बेल्ट खाचेत तिरका बसतो आणि काही दिवसांनी उलटा होतो किंवा फेकला जातो. शिवाय पुलीच्या काठाला खरवडा पडतो, आणि तो खरवडा पुढचे सगळे बेल्ट कापत राहतो. बोटं अडकण्याचा धोका तर आहेच. बोल्ट ढिले करूनही बेल्ट चढत नसेल तर तो बेल्ट त्या इंजिनाचा नाही.

९. ताण किती ठेवायचा?

फॅन बेल्टसाठी: सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबा, म्हणजे साधारण १० किलोचा दाब. बेल्ट १० ते १३ मिमी दबायला हवा. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

जाड बेल्टांसाठी प्रमाण असं: दोन पुल्यांमधल्या मोकळ्या लांबीच्या दर १०० मिमीला १.६ मिमी दबाव. मोकळी लांबी ५०० मिमी असेल तर ८ मिमी. हा दबाव यायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने मोजतात. एका बेल्टमागे ढोबळपणे ए कापाला १ ते २ किलो, बी ला २ ते ३, सी ला ४ ते ६ किलो. पुली जितकी मोठी तितका वरचा आकडा.

या दोन नियमांचे आकडे जुळत नाहीत, असं बरेच जण कळवतात. जुळतात. अंगठ्याचा जोर १० किलोचा आहे, काट्याचा दोन-तीन किलोचा. जोर वेगळा म्हणून दबावही वेगळा. एकाचा जोर आणि दुसऱ्याचा दबाव घेतलात तर मात्र फसाल.

मोजायला काही नसेल तर एक जुनी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून डायनॅमोची पुली किंवा तिचा पंखा हाताने फिरवून बघा. बेल्ट जागेवर राहून पुली घसरली तर ढिला आहे.

‘थोडा जास्त कडक राहू दे, पुढे सैल होईलच’ हा विचार महागात पडतो. ढिला बेल्ट स्वतः मरतो, अति कडक बेल्ट वॉटर पंपाचं बेअरिंग आणि डायनॅमोचा मागचा पितळी बुश घेऊन मरतो. व्ही-बेल्टची पकड खाचेच्या तिरक्या बाजूंत पाचर बसल्यासारखी येते, नुसत्या ताणाने नाही. पूर्ण भार असताना घसरणार नाही इतपत ताण पुरे.

१०. नवा बेल्ट दोन दिवसांत ढिला झाला. माल खराब होता का?

बहुधा नाही. नवा बेल्ट सुरुवातीला खाचेत बसतो, वेष्टण थोडं झिजतं, धागे ताण घेतात. म्हणून पहिल्या १५-२० मिनिटांनी, मग २४ ते ४८ तासांच्या कामानंतर (गाडीत सुमारे ५०० किमीनंतर) ताण पुन्हा लावायचा. त्यानंतरही दर आठवड्याला ढिला होत असेल तर बोल्ट सरकतो आहे, ताणपट्टीखालचं वायसर गुळगुळीत झालंय, किंवा पुली झिजली आहे.

११. पुल्या एका ओळीत आहेत हे कसं तपासायचं?

सरळ लोखंडी पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर आडवी धरा. चारही ठिकाणी टेकली पाहिजे. अंतर जास्त असेल तर पट्टीऐवजी ताणलेली दोरी. पुल्यांच्या काठांची जाडी वेगळी असेल तर तोंडं नव्हे, खाचांचे मध्य जुळवायचे.

व्ही-बेल्ट अर्ध्या अंशापर्यंतची चूक चालवून घेतो, म्हणजे एक मीटर अंतराला सुमारे ९ मिमी. २५० मिमी अंतराच्या फॅन बेल्टला त्याच मापाने दोनच मिलिमीटर. जुन्या इंजिनांत ओळ बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे डायनॅमोच्या कानांतला झिजलेला बुश किंवा काढताना हरवलेलं वायसर. ते वायसर कचरा म्हणून फेकलं जातं, आणि पुली तीन मिलिमीटर मागे जाते.

१२. नवा बेल्ट किंचाळतो. साबण, राळ किंवा स्प्रे लावू का?

लावू नका. राळ आणि चिकट स्प्रेने आवाज तासभर थांबतो, मग त्यात धूळ बसते आणि रबर खराब होतं. आवाजाचं कारण शोधा. इंजिन चालू असताना दूरून, बाटलीने, बेल्टच्या आतल्या अंगावर थोडं पाणी उडवा. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर ओळ चुकली आहे.

नव्याने रंगवलेल्या इंजिनांत आणखी एक कारण सापडतं: खाचेतला रंग. इंजिन सुंदर दिसतं, पण रंग वितळून बेल्टला चिकटतो. खाचेच्या बाजू उघड्या धातूच्याच हव्यात, खरवडून काढा.

१३. पुली झिजली आहे हे कसं कळतं?

बेल्ट कसा बसतो ते आधी बघा. त्याचं वरचं अंग पुलीच्या काठाच्या बरोबरीत किंवा किंचित वर असावं. दोन-तीन मिलिमीटर खाली बुडत असेल तर खाच रुंद झाली आहे. मग खाचेचा तळ बघा. तिथे गंज, धूळ, काळपटपणा असणं ही चांगली खूण आहे. तळ आरशासारखा चमकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय. तळाला टेकला की पाचर बसत नाही, आणि कितीही ताणला तरी घसरतो.

पुढची कसोटी बाजूंची. लहान सरळ पट्टी खाचेच्या तिरक्या भिंतीला लावून उजेडासमोर धरा. भिंत आत खोलगट झाली असेल तर फट दिसते. फट पाऊण मिलिमीटरच्या पुढे असेल तर पुली बदला किंवा खराद यंत्रावर खाच पुन्हा कापून घ्या.

कापून घेणार असाल तर कोन सांगा. बेल्टचा कोन सुमारे ४० अंशांचा असतो, पण खाचेचा ४० नसतो. बेल्ट पुलीवर वाकला की त्याचा आतला भाग दबून रुंदीला फुगतो आणि कोन कमी होतो. म्हणून लहान पुलीची खाच ३४ अंशांची, मोठीची ३८ पर्यंत. खरादवाल्याने बेल्ट मोजून ४० अंशांची खाच कापली तर नवी पुलीही जुन्यासारखीच वागेल.

पुली काढताना ओतीव लोखंडावर हातोडा मारू नका, पुलर लावा. डायनॅमोच्या शाफ्टवर अर्धचंद्री चावी असते. ती उडून तेलाच्या ताटलीत जाते, आधी फडकं अंथरा.

१४. तीन बेल्टांपैकी एकच तुटला. तेवढाच बदलू का?

तिन्ही बदला, एकाच बनावटीचे. जुने दोन ताणले गेलेले असतात. नवा आखूड ठरतो, एकटाच भार उचलतो आणि लवकर तुटतो. जुन्या दोनांतला धडधाकट बेल्ट गुंडाळून ठेवा, अडीअडचणीला एकट्याने हळू चालवायला उपयोगी पडतो.

१५. आतून दाते असलेला बेल्ट जुन्या पुलीवर चालतो का?

कापाचं माप तेच असेल तर चालतो, आणि लहान पुलीवर साध्यापेक्षा बरा, कारण तो सहज वाकतो आणि कमी तापतो. रबर १० अंशांनी कमी तापलं की ढोबळमानाने दुप्पट टिकतं, म्हणून हा फायदा लहान नाही.

अपवाद महत्त्वाचा आहे. काही जुन्या यंत्रांत बेल्टच क्लचचं काम करतो: दांडा ओढला की टेकूची पुली बेल्ट ताणते, सोडला की बेल्ट सैल होऊन घसरत राहतो. तिथे कापडी वेष्टणाचाच बेल्ट हवा. उघड्या कडांचा दातेरी बेल्ट एकदम पकडतो आणि यंत्राला झटका बसतो.

१६. बी च्या खाचेत ए बेल्ट चालवून घेतला तर?

तो खोल बुडेल, तळाला टेकेल आणि घसरेल (प्रश्न १३). उलट केलंत, म्हणजे ए च्या खाचेत बी, तर तो वर तरंगत राहील, फक्त खालच्या कडांवर पकड घेईल आणि उलटेल. दोन्ही नाही.

१७. बेल्ट वारंवार उलटतो किंवा पडतो. ताणही बरोबर आहे, ओळही.

मग हे तपासा: पुली शाफ्टवर डुगडुगते का, खाचेत खडा किंवा गंजाचा पापुद्रा आहे का, आणि बेल्ट चढवताना ओरबाडला गेला होता का (प्रश्न ८). एका सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक गोष्ट असते. प्रत्येक स्फोटागणिक ताण कमी-जास्त होतो आणि लांब मोकळा भाग फटक्यासारखा हलतो. चालत्या बेल्टकडे बाजूने, लांबून बघा. मधला भाग धूसर होऊन वर-खाली उडत असेल तर मध्यांतर कमी करा, किंवा सैल बाजूला आतून, मोठ्या पुलीजवळ टेकूची पुली द्या. टेकू बाहेरून दिला तर बेल्ट उलट वाकतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

१८. बेल्ट घालायचा तर इंजिनाचा टेकू किंवा बाहेरचं बेअरिंगच काढावं लागतंय. पर्याय?

कड्या जोडून बनवलेला सुटा बेल्ट मिळतो. तो हवा तितका लांब जोडून शाफ्टभोवती आत घेता येतो. कोरडा जोडून बघा, मग दर २४ कड्यांमागे सुमारे एक कडी कमी करून ताण द्या, आणि पहिल्या दिवसात दोनदा ताण बघा. काम भागतं. मात्र बेअरिंग कधीतरी काढावं लागणारच असेल, तर त्याच वेळी एक जादा अखंड बेल्ट शाफ्टवर आत अडकवून, तारेने बाजूला बांधून ठेवा. पुढच्या वेळी बेअरिंगला हात लावावा लागत नाही.

१९. पाच-सहा वर्षं पडून असलेला नवा बेल्ट वापरू का?

थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी सैल गुंडाळून ठेवला असेल तर वापरा. वाकवून आतल्या अंगाला भेगा नाहीत ना बघा. बारीक खिळ्यावर वर्षानुवर्षं लटकवलेला, उन्हात ठेवलेला किंवा वेल्डिंगच्या आणि विजेच्या मोटारींच्या शेजारी पडलेला बेल्ट नको. त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला तडे पाडतो.

२०. वाटेत फॅन बेल्ट तुटला. गाडी कितपत नेता येते?

तो बेल्ट वॉटर पंप चालवत असेल तर जवळपास अजिबात नाही. आधी चार्जिंगचा दिवा लागतो, मग काही मिनिटांत तापमानाचा काटा चढतो. पाणी फिरत नसल्यामुळे काटा खरं तापमान उशिरा दाखवतो, तोवर हेड वाकलेलं असू शकतं. थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. बेल्ट फक्त डायनॅमो चालवत असेल तर दिवे व बाकीचा वापर बंद करून बॅटरी टिकेल तितकं जाता येतं. डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागतच नसेल तर आणखी बरं. दोरी, कापड, सायकलची ट्यूब यांनी बेल्टचं काम होत नाही, ते पंख्यात गुंतून रेडिएटर फोडतात.

२१. चपट्या चामडी किंवा कॅनव्हासच्या पट्ट्याला हेच नियम लागू होतात का?

ओळीचे होतात, ताणाचे नाहीत. चपट्या पट्ट्याला खाच नसते. पुलीचा मधला भाग किंचित फुगीर असतो आणि पट्टा आपोआप त्या उंचवट्याकडे चढतो. म्हणून फुगवटा घासून सपाट झालेली पुली पट्टा टिकू देत नाही. आडव्या मांडणीत ओढणारी बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवा. वरची बाजू झोळ घेऊन पुलीला जास्त वेढा घालते. सांधा कड्यांचा असेल तर त्याच्या पिना बाहेर आलेल्या नाहीत हे रोज बघा. फिरण्याची दिशा उलटी हवी असेल तर चपटा पट्टा आठच्या आकारात फिरवता येतो, व्ही-बेल्ट नाही.

२२. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, तेव्हापासून बेल्ट टिकत नाही. का?

जुना डायनॅमो २०-२५ अँपिअर देत होता. ४५ अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला ६३० वॉट देतो, आणि त्याची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर बेल्टकडून एक किलोवॉटहून जास्त ओढतो. हा भार त्याच एका बेल्टवर, आणि बहुधा आधीपेक्षा लहान पुलीवर येतो.

लहान पुलीवर वेढा किती आहे, म्हणजे बेल्ट तिला किती अंशांत टेकतो, ते काढा: १८० − ५७ × (मोठा व्यास − लहान व्यास) ÷ मध्यांतर. क्रँकची पुली १५० मिमी, अल्टरनेटरची ६५ आणि अंतर २२० असेल तर वेढा १५८ अंश. वॉटर पंपामुळे बेल्ट तीन पुल्यांत वाटला गेला की तो अजून घटतो. १२० अंशांवर बेल्टची क्षमता सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते.

आता खाच बघा. नव्या अल्टरनेटरची पुली बहुतेकदा १० मिमीच्या बेल्टची असते आणि इंजिनाच्या बाकी पुल्या १३ मिमीच्या. मग १३ चा बेल्ट अल्टरनेटरवर तरंगतो, १० चा क्रँकवर बुडतो. उपाय म्हणजे अल्टरनेटरवर जुन्या मापाची पुली चढवणं. शाफ्टचा व्यास जुळत असेल तर जुन्या डायनॅमोचीच चालते. तिचा व्यास मोठा असल्याने अल्टरनेटर हळू फिरेल आणि मंद गतीत चार्जिंगचा दिवा लुकलुकेल. तेवढं चालवून घ्या. ताण वाढवून हे सुटत नाही, फक्त वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.